यातले चोर कोणते?

“यातले चोर कोणते आणि अनाथ कोणते?”

गिरगावच्या बाईंनी आमच्यासमोरच विचारलं. हातात वड्यांचं पातेलं. पितृपक्ष चालू होता. आमच्या बालगृहात गोडधोड यायचं ते तेव्हाच. लोक आपल्या मेलेल्यांच्या नावाने आम्हाला जेवू घालायचे. आधी कावळ्याला, मग आम्हाला. त्याचं काही वाटत नसे. खिरीच्या आशेने आम्ही सकाळचा नाश्ताही सोडायचो.

“सासऱ्यांचं श्राद्ध आहे,” बाई म्हणाल्या. “चोराच्या तोंडी घास गेला तर त्यांना कसा पोचेल? तेवढे वेगळे बसवा.”

देणाऱ्याला नाही कोण म्हणणार? आमच्या अधीक्षकांनी दोन पंगती केल्या. मी इकडे, संत्या तिकडे. संत्या रोज माझ्या शेजारी झोपायचा. बंद गिरणीतून तांब्याची तार काढताना तो सापडला होता. मला परळच्या एका इस्पितळाच्या पायरीवर कुणीतरी टाकून गेलं होतं. दोघांनाही पोलिसांनीच आणलं. कायद्याच्या पुस्तकात आम्ही वेगवेगळे होतो, पण डोक्यावर छप्पर एकच.

माझ्या ताटात वडे पडले. संत्याचं ताट रिकामं. तो माझ्याकडे बघत नव्हता. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “हा बघा. चेहऱ्यावरूनच कळतं, चांगल्या घरचा असणार.”

ज्या घराने मला टाकलं, ते चांगलं. माझं डोकंच फिरलं. ताट तसंच ठेवून उठलो आणि संत्याच्या शेजारी जाऊन बसलो.

“मीपण चोर,” म्हणालो.

अधीक्षकांनी कान पिळला. त्या दिवशी आम्ही दोघंही उपाशी.

संत्या म्हणाला, “येडा हायस तू. खायचं ना गप.”

मोठेपणी कायदा वाचला. जुना कायदा आम्हाला उपेक्षित म्हणायचा, बालगुन्हेगार म्हणायचा. नव्या कायद्याने शब्द धुऊन घेतले. संत्यासारखी पोरं ‘विधिसंघर्षग्रस्त’ झाली, माझ्यासारखी ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली’. राहायची घरंही वेगळी झाली. लोकांच्या तोंडी मात्र अजून रिमांड होमच. संत्या आज कुठे आहे, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात लालबागला मुलगी बघायला गेलो. एकटाच. माझ्याकडून कोण येणार? पोहे झाले, चहा झाला. मुलीचे वडील हळूच म्हणाले, “अनाथ आहात, त्याचं काय नाय ओ. फक्त त्या दुसऱ्या पोरांतले नाय ना, तेवढं सांगा.”

मुलगी आवडली होती. नुसती मान हलवली असती तरी घर मिळत होतं. कुणाला तरी बाबा म्हणता आलं असतं.

“ते नाय सांगणार,” मी म्हणालो.

मुलगी आत गेली. मी चपला घातल्या.

परळला चालत आलो, खोली उघडली, भात टाकला. एकट्याचा भात पटकन होतो. वाईट वाटलं. खूप वाटलं. अजून वाटतं. पण हा प्रश्न मला पुन्हा विचारतील, आणि मी पुन्हा उत्तर देणार नाही. संत्याला चोर ठरवून मला मिळणारी माया मला नको. तशीच मिळणार असेल तर मी मरेपर्यंत एकटा जेवीन.