“मी पण असाच दिसतो का?”

मंडळी, आज दुपारी मी आणि माझा धाकटा भाऊ सुहास कर्जतला मैत्रिणीकडे सिनेमा बघायला गेलो होतो. एका रशियन लेखकाच्या आयुष्यावरचा.

त्या लेखकाला फिट्स यायच्या. एका प्रसंगात तो बोलता बोलता कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. बायको शेजारी बसून त्याचं डोकं सांभाळते.

सुहासलाही लहानपणापासून फिट्स येतात. मी वळून पाहिलं, तर तो उठून बाहेर गेला होता.

मी मागोमाग गेले, तर पायरीवर बसला होता. म्हणाला, “ताई, मी पण असाच दिसतो का गं?”

मला खोटं बोलवेना. “हो रं, असाच.”

“मला वाटायचं, मी नुसता झोपतो. तुला भीती नाय वाटत?”

“वाटते. दर वेळी वाटते.”

मग आम्ही पोशीरला, आमच्या गावी, घरी आलो. आल्यापासून तो आतल्या खोलीत आरशासमोर बसलाय. त्याचा चहाही तसाच गार झाला.

आत्ता मी हे लिहीत असताना त्याने आतून विचारलं, “ताई, तेव्हा माझे डोळे उघडे असतात का?”

उघडेच असतात, पण त्यांना मी दिसत नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?