चष्म्याचं निमित्त

आमच्या गुरुवारच्या मंडळात सगळ्यांना अनुभव येत होते, एक मला सोडून. आज हे वाक्य मी हसत लिहिते आहे, पण तेव्हा ते मला आतून सलायचं. दुबईत, करामा भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौदा वर्षांपूर्वी मीच हे मंडळ सुरू केलं. दत्तमहाराजांची तसबीर माझ्या माहेरची, समई माझी, सतरंज्यासुद्धा माझ्याच. दर गुरुवारी संध्याकाळी दहा-बारा माणसं जमतात, आरती होते आणि प्रसाद वाटण्याआधी ज्याला काही अनुभव आला असेल त्याने तो सांगायचा, अशी आमची पद्धत आहे. कुणाचा अडलेला व्हिसा सुटलेला असतो, कुणाच्या आईचं गावाकडचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं. मी चौदा वर्षं ऐकत आले. माझी पाळी येतेय असं दिसलं की मला नेमका आतला शिरा आठवायचा आणि मी उठून स्वयंपाकघरात जायचे.

त्यात चार वर्षांपूर्वी प्राची आमच्याच इमारतीत राहायला आली. मूळची ठाण्याची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. नवरा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, एकदा गेला की महिनाभर येत नाही. मूलबाळ नाही. मला ताई म्हणायची, जिना चढताना हातातली पिशवी घ्यायची. आणि हिला दर आठवड्याला अनुभव! पार्किंग मिळालं तरी महाराजांची कृपा, बंद पडलेली लिफ्ट दोन मिनिटांत सुरू झाली तरी कृपा. सांगताना तिचे डोळे भरून यायचे आणि ऐकणाऱ्यांचेही. हळूहळू असं झालं की आरती संपली रे संपली की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. "प्राची, या वीकला काय?" माझ्याच घरात, माझ्याच तसबिरीसमोर!

मला तिचा हेवा वाटायचा. उगाच गुळमुळीत शब्द वापरत नाही, हेवाच तो. तिच्या नोकरीचा नाही की दागिन्यांचा नाही. देव तिच्याशी बोलतो आणि माझ्याशी बोलत नाही, याचा. रोज पहाटे उठून पोथी वाचणार मी, उपास करणार मी, आणि कृपा हिच्या पार्किंगवर. पोथी वाचतानासुद्धा मधेच तिचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि मी तीच ओवी पुन्हा वाचायला घ्यायचे. अखेर मला असं वाटू लागलं की माझी भक्तीच कुठेतरी खोटी असणार, नाहीतर ही तरी खोटं बोलत असणार. दुसरं मानणं सोपं होतं, म्हणून मी तेच मानलं.

थंडीच्या दिवसांत प्राची एका ग्रुपबरोबर डोंगरात हायकिंगला जायची. गेल्या डिसेंबरात तिने सांगितलं की खोर फक्कान या बंदराच्या गावाकडे जाताना एक वादी लागते, म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा. तिथे दोन्ही बाजूंनी लाल कातळाच्या उंच भिंती आहेत आणि आत एका वळणावर त्या कातळात दोन पावलं उमटलेली आहेत, अगदी पादुकांसारखी. ती तिथे जपाला बसली तेव्हा उदाचा वास आला म्हणे. झालं, सगळं मंडळ पादुका बघायला निघालं. मी सर्वांत आधी हो म्हटलं. लोकांना वाटलं, ताईंची केवढी श्रद्धा! मला तिथे जाऊन एवढंच बघायचं होतं की तिथे काही नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोन गाड्यांतून निघालो. प्राची पहिल्या गाडीत, मी दुसऱ्या गाडीत. गाडी माझा नवरा चालवत होता आणि मागे कानात इअरफोन घालून आमची पंधरा वर्षांची मुलगी. जिथे डांबरी रस्ता संपला तिथे काटेरी झाडांच्या सावलीला गाड्या लावल्या आणि चालू लागलो. मनात कितीही विष असलं तरी कबूल करते, जागा सुंदर होती. आमच्याकडे तुळशीवृंदावनाला गेरू लावतात त्या रंगाचा कातळ, थरावर थर, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवरून वर बघितलं की निळ्या आभाळाची एक पट्टी. पायाखाली गोटे, मधेच गुडघाभर पाण्याचं डबकं आणि त्याच्या काठाला गुलाबी कण्हेर. एका चढावरून पलीकडचा समुद्र दिसला आणि बंदरातल्या क्रेनही दिसल्या. माझा नवरा जबल अलीच्या बंदरात लॉजिस्टिक्समध्ये आहे, तो तिथे उभा राहून कंटेनर मोजायला लागला. बाकीचे फोटो काढत होते. माझी नजर मात्र पुढे चालणाऱ्या प्राचीच्या पिवळ्या टोपीवर होती. ती कुणाशी बोलते, कोण तिला पाणी देतं, कोण तिच्याबरोबर हसतं, सगळं मी टिपत होते.

तासाभराने ते वळण आलं. कातळात कमरेइतक्या उंचीवर एक कट्टा होता आणि त्यावर दोन खोलगट खुणा. होत्या खऱ्या पावलांसारख्या. सगळ्यांनी हात जोडले, कुणीतरी आरती सुरू केली, दोघी रडल्या. मला काही झालं नाही. मला दोन खड्डे दिसले. मी काय केलं असेल? पर्समधून वाचायचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून बघितलं की कुणी छिन्नीने कोरलंय का. छिन्नीची खूण सापडली नाही, याचंही मला वाईट वाटलं.

परत फिरताना प्राची म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी दहा मिनिटं जप करून येते." वाट एकच होती, चुकायचा प्रश्न नव्हता. आम्ही खाली आलो. जेवण खोर फक्कानच्या बीचवर करायचं ठरलं होतं, सगळ्यांना भुका लागल्या होत्या, त्यामुळे पहिली गाडी लगेच निघून गेली. त्यांना वाटलं, प्राची ताईंच्या इमारतीतली, ती ताईंबरोबर येईल. माझ्या नवऱ्याला वाटलं, ती ज्या गाडीतून आली त्याच गाडीतून गेली. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. प्राची मागे राहिली आहे हे फक्त मला माहीत होतं, कारण त्या गाडीत पिवळी टोपी नव्हती. हेवा करणाऱ्याचं लक्ष फार पक्कं असतं.

आणि मी गप्प बसले. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. क्षणभर असंही वाटलं की राहू दे तिला. मग वाटलं, मुद्दाम मागे राहिली आहे ही, एकटीने दर्शन घ्यायला, म्हणजे गुरुवारी सांगायला नवीन काहीतरी. बघू तरी कुणी नसताना काय करते. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, माझा चष्मा वर राहिला. घेऊन येते."

"अगं, दुसरा करू. यल्ला, चल, बस गाडीत, भूक लागलीय."

"आई, सीरियसली?" मुलगी म्हणाली.

मी ऐकलं नाही. चोरासारखी, गोट्यांचा आवाज होऊ न देता वर गेले. वळणाच्या अलीकडे थांबले, कातळाला चिकटून. वाटलं होतं, जपाचा आवाज येईल. ऐकू आलं ते कण्हणं.

प्राची कट्ट्याच्या खाली दोन दगडांमध्ये बसली होती. उठताना पाय घसरला, एक मोठा धोंडा सरकला आणि घोट्यापासूनचा पाय खाली अडकला. हाका मारून तिचा आवाज बसला होता, पण त्या वळणाच्या पलीकडे आवाज जातच नव्हता. टोपी कुठेतरी पडली होती, पाण्याची बाटली घरंगळून डबक्यात गेली होती. मला बघून ती रडली नाही, हसली. म्हणाली, "ताई, चष्म्यासाठी आलात ना?"

मला काही कळेना. तिने बोट केलं. कट्ट्यावर, त्या दोन खुणांच्या बाजूला, माझा चष्मा होता. वाकून छिन्नीच्या खुणा शोधल्यावर मी तो तिथेच ठेवला होता आणि विसरले होते. पर्स उघडून बघितलीसुद्धा नव्हती, थाप मारायला पर्स कशाला उघडायची?

"मघापासून त्याच्याकडेच बघत बसलेय," ती म्हणाली. "म्हटलं, चष्म्याशिवाय ताईंना पोथी वाचता येत नाही. त्या येणारच."

मी तिच्याशेजारी खालीच बसले. मग भानावर येऊन धोंडा ढकलून बघितला, काठी घालून बघितली, काठी मोडली. म्हटलं, खाली जाऊन यांना बोलावते. तर तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, जाऊ नका ना. तुम्ही आला नाहीत की कुणीतरी येईलच." मी थांबले. तिला माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं, ओढणी तिच्या डोक्यावर घातली. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली. "तुम्हाला माझं हसू येत असेल ना, पार्किंग मिळालं तरी कृपा म्हणते म्हणून? काय सांगू ताई. घरी आले की दिवसचे दिवस माझं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही. मग एवढंसं काही बरं झालं ना, की मला वाटतं कुणीतरी आपल्याकडे बघतंय. गुरुवारपर्यंत मी ते जपून ठेवते. तेवढा एक दिवस तुम्ही सगळे माझं ऐकता."

एका मजल्याच्या अंतरावर मी चार वर्षं राहत होते. मी तिचे अनुभव मोजत बसले, पण एकदाही तिच्या दाराची बेल वाजवली नव्हती. त्या लाल भिंतींमध्ये मला फार लाज वाटली, आणि तिचा हात सोडायची हिंमत झाली नाही. तोंडातून नाम कधी सुरू झालं कळलं नाही. मागणं काहीच नव्हतं, नुसतं नाम. किती तरी वर्षांत पहिल्यांदा मी काही न मागता बसले होते.

अर्ध्या तासाने गोट्यांचा आवाज आला. माझा नवरा चिडून आणि मुलगी घाबरून मला शोधत आले होते. नवऱ्याने धोंडा बघितला, परत खाली गेला आणि गाडीचा जॅक घेऊन आला. जॅकने धोंडा चार बोटं उचलला तेवढ्यात माझ्या मुलीने प्राचीचा पाय अलगद बाहेर काढला. "मावशी, डोंट लुक, जस्ट होल्ड आई," असं ती सारखं म्हणत होती. घोटा मोडला होता, बाकी सगळं ठीक होतं. निघताना मी कट्ट्यावरचा चष्मा उचलला. त्या खुणांना हात लावला आणि डोकं टेकवलं. दगड उन्हाने तापला होता. उदाचा वासबीस काही आला नाही.

पुढच्या गुरुवारी प्राची प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून आमच्या हॉलमध्ये बसली. आरती झाली. माना तिच्याकडे वळल्या. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "महाराजांनी ताईंना पाठवलं." मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चौदा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच. एकीने तर उठून मला नमस्कार केला. मला सवयीने शिरा आठवला आणि मी उठले. दारापर्यंत गेले. तिथून परत फिरले आणि सतरंजीवर बसून म्हटलं, "मी चष्म्यासाठी गेले नव्हते. प्राची मागे राहिलीय हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. मला तिचा हेवा वाटतो, म्हणून मी चोरून बघायला गेले होते." नवरा जमिनीकडे बघत होता.

मला वाटलं, आता प्राची उठून जाईल. पण पाय स्टुलावर, उठणार कशी! तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "का आलात ते महाराज बघून घेतील, ताई. आलात ना?"

एवढंच. मी तिथे सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. मला येऊन येऊन अनुभव आला तो असा, आणि तोही धड माझा नाही, तिचाच. मी फक्त त्यात होते. त्या दिवशी माझ्याकडे श्रद्धा असती तर मी सगळ्यांबरोबर हात जोडून खाली आले असते आणि जेवायला गेले असते. माझ्याकडे हेवाच होता, तर महाराजांनी तोच कामाला लावला. तेव्हापासून देवापुढे चांगलं तेवढंच नेऊन ठेवायचं हे मी सोडून दिलं आहे. जे आहे ते नेते आणि म्हणते, याचं काय करायचं ते तुम्हीच बघा.

हेवा गेला असं मात्र समजू नका. प्राचीचा पाय बरा झाला, आता रोज संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला येते किंवा मी तिच्याकडे जाते. परवाच्या गुरुवारी आरती संपली आणि ती म्हणाली, "या वीकला काय झालं माहितीये?" माझ्या मनात लगेच आलं, पुन्हा हिलाच! पण मी जागेवरून उठले नाही. हल्ली मी शिरा आरतीच्या आधीच करून ठेवते.