इंझोरीत घरटी एक कुत्रं

ही फजिती मीच सांगून टाकतो, कारण गावातले लोक सांगतात तेव्हा तिखटमीठ फार लावतात.

माझी धाकटी बहीण संगीता पुण्यात दिली आहे. तिकडे जवाईबापूंचं कुत्र्या-मांजरांच्या खाऊचं दुकान आहे. हसू नका! पुण्यात म्हणे बिल्डिंगीतल्या कुत्र्यांचे वाढदिवससुद्धा होतात. तर जवाईबापूंच्या डोक्यात आलं, दुसरं दुकान कारंज्याला काढावं अन् ते संगीतानं सांभाळावं. माय नुसती हरखली. आमच्या इंझोरीहून कारंजा म्हणजे एसटीत डुलकी लागेपर्यंत येतं. पोरगी अगदी हाकेवर! मीही मायला सांगून टाकलं, "पोरगी जवळ आणतोच, पाय तू!"

पण पाहणीला आलेले जवाईबापू ओसरीवर बसून म्हणाले, "दादा, आमच्याकडे फ्लॅटमागे एक कुत्रा असतो. इकडे पाळतं कोण?"

आता हा वऱ्हाडाचा अपमान झाला की नाही?

"काहून नाई पाळत? चला, घरोघरी इचारून घ्या. आमच्याच घरी वाघ्या हाये. आत्ता जरा बाहीर गेला."

"बाहेर? एकटा?"

"मोठा झाला ना तो आता!"

शेजारच्या शांताकाकू अंगणात तूर पाखडत होत्या. कुत्रं आहे का विचारताच म्हणाल्या, "हाये ना बाप्पा! आमचा मोत्या. आंदी त्याची भाकर काढतो, मंग आमी जेवतो."

पुढे गजाननभाऊ. "आमचा राजा! पोळी देल्ली तं तोंड फिरवते. त्याले ज्वारीची भाकरच पायजे."

त्यापुढच्या घरी शेरू, मग काळ्या, मग टायगर. नाही म्हणणारं घर एकही नाही! मी छाती काढून चालू लागलो. जवाईबापू म्हणाले, "दादा, पुणं मागं पडलं की हो!" दुकान कोणत्या चौकात घ्यायचं इथवर बोलणं गेलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बसलो तर मी कसला? गावभर सांगून आलो, "आपापले कुत्रे घेऊन देवळापुढं या. पुण्याचा खाऊ फुकट हाये!"

जवाईबापूंनी गाडीची डिकी उघडून पाकिटं मांडली. झाडून सारा गाव आला. कुत्रं मात्र एकाही माणसासोबत नाही. जो तो गल्लीकडे बघतोय.

तेवढ्यात गल्लीतून एक तांबडं कुत्रं डुलत डुलत आलं. पोट सुटलेलं, एक कान पडलेला.

"वाघ्या!" मी ओरडलो.

"मोत्या!" शांताकाकू.

"राजा!" "शेरू!" "काळ्या!" "टायगर!"

कुत्रं प्रत्येक हाकेला शेपूट हलवत होतं.

"अहो, हा तांबडा आहे. याला काळ्या कोण म्हणतं?" जवाईबापूंनी विचारलं.

"आमी," मागून एक जण म्हणाला. "आमच्याकडं अंधार पडल्यावर येते."

"म्हणजे सगळ्यांचं मिळून हे एकच?"

शांताकाकूंना रागच आला. "एकच कसं? आमचं आमच्या घरी जेवते, त्याइचं त्याइच्या घरी!"

खरं सांगतो, एवढं पोट सुटलेलं रोज बघूनही मला कधी शंका आली नव्हती. मला वाटायचं, मायच्या हातची भाकर अंगी लागते आहे.

जवाईबापू भला माणूस. हसले फक्त. "एका कुत्र्यावर दुकान कसं चालेल, दादा?"

मायचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

जेवणं करून जवाईबापू निघाले, तर डिकीत पाकिटं फाडून वाघ्या बसलेला! ओढला तरी उतरेना. जवाईबापूंनाही त्याचा लळा लागलेला. "नेऊ का याला?" त्यांनी विचारलं. दुकान तर हातचं गेलंच होतं, निदान मन तरी राखावं म्हणून मी ऐटीत म्हणालो, "न्या ना! आपलाच हाये."

दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात अंगणाअंगणात भाकरी तशाच पडून. एका गाडीत एक कुत्रं गेलं अन् घरटी एक कुत्रं कमी झालं! शांताकाकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं. गजाननभाऊ भर पारावर विचारतात, "आमचा राजा कोनाले इचारून देल्ला?"

संगीताचा फोन आला, वाघ्या मजेत आहे. त्यांच्या मजल्यावरच्या साऱ्या फ्लॅटांत त्याचं जेवण लागलंय.

मायनं फोन ठेवला अन् माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी आणतो म्हणत होता ना रे? होतं ते कुत्रंबी तिच्याकडं धाडून बसला!"