देवीचं सोंग आणि माझी स्वप्नांची वही

आज सांगतानाही अंगावर काटा येतो! नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जव्हारकडच्या एका शाळेत मास्तर होतो आणि मोखाड्याजवळच्या आमच्या गावात बोहाडा तोंडावर आला होता. बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून मिरवणुकीत नाचतात. आम्ही त्यांना सोंगं म्हणतो, आणि एकेका सोंगाचा मान एकेका घराचा. शेवटच्या सकाळी निघणारी देवी आमच्या घरची. बाबांनी ती आयुष्यभर नाचवली, पण आदल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी वसतिगृहात वाढलेला, मला देवीची चाल ठाऊक नव्हती. "औंदा देवी दुसऱ्या घरी देऊ," असं गावातल्या जाणत्यांनी सुचवलं, तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ते जेवेनात, आई दोन घोट पेज पाजायची तेवढंच.

"मी नाचवतो," असं मी सगळ्यांदेखत बोलून बसलो आणि माझी झोप उडाली. संबळ वाजवणारे म्हातारे काका सरावाला येत, माझे जड पाय बघत आणि नुसते उसासे टाकत. शाळेतल्या एका सोबत्याने सुचवलं, उठल्याबरोबर, कुणाशी बोलण्याआधी, पडलेलं स्वप्न लिहून काढा, मन हलकं होतं. मी विज्ञान शिकवणारा माणूस, मला हसू आलं. पण बुडत्याला काडीचा आधार! लिहू लागलो आणि खरंच झोप परत आली. एरवी विरून जाणारी स्वप्नं ध्यानात राहू लागली, उरातली धडधड कागदावर उतरून शांत झाली. मग मात्र मला लोभ सुटला. देवी स्वप्नात येऊन मला चाल दाखवणार, अशी मी वाट पाहू लागलो. ती काही येईना.

"आज काय दिसलं?" बायकोनं चहा देताना विचारलं.

"काही नाही. बाबा चिखल तुडवत होते. रोजचंच. ते काय लिहायचं?"

ती खो खो हसली. "सपनं म्हंजे तांदूळ आहं का, निवडून घ्यायला? देवीनं दिलं त समदं लिवा की!"

मी ओशाळलो, पण ऐकलं. जे दिसेल ते लिहीत गेलो. एका सकाळी मागची पानं सलग वाचली. प्रत्येक स्वप्नात बाबा भाताच्या खाचरात चिखल तुडवत होते आणि मला ओरडून सांगत होते, "टाच नको टेकू! आधी चवडा, मग आंग सोड!" मी तसाच अंगणात धावलो. पायाखाली चिखल आहे असं धरून चवडा टाकला, अंगाचा भार सोडला, मागचा पाय ओढून काढला. संध्याकाळी संबळवाले काका वाजवता वाजवता थांबले. "पोरा, ही त तुझे बाची चाल आहं!"

लहानपणी पाहिलेलं मनात कुठेतरी साठून राहिलं असेल, असं माझ्यातला मास्तर म्हणतो. म्हणू दे बापड्याला! मी देवीकडे मागत होतो एक आणि ती रोज देत होती दुसरं. माझा हट्ट सुटला तेव्हा ते हाती आलं, एवढंच मला कळतं.

शेवटच्या सकाळी मुखवटा चढला, सनई लागली आणि पाय आपोआप पडू लागले. मिरवणूक आमच्या दारी आली. बाबांना ओट्यावर बसवलं होतं. त्यांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलला, डाव्याला जुळवला आणि मला नमस्कार केला. माझा जीव त्यांच्या पायांवर पडायला धडपडत होता. पण मुखवटा चढल्यावर देवी कुणापुढे वाकत नाही. मी ताठ उभा राहिलो आणि आतल्या आत ढसाढसा रडत बापाचा नमस्कार घेतला. दुपारी बाबांनी खुणेने भाकरी मागितली. घरात हसू आणि रडू एकदमच सुरू झालं! चाल बाबांची होती, नमस्कार देवीला होता, माझ्या वाट्याला नुसतं उभं राहणं आलं. तेवढ्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे.