ठसका लागला नाही

आपल्या वांग्यांना कुणी चांगलं म्हटलं की बाबा तिथे गोड हसायचे आणि घरी येऊन आजारी पडायचे, अशी आमच्याकडे त्यांची चेष्टा चालायची. त्या उन्हाळ्यात मोताळ्याचा बाजार बंद पडायच्या आधी एका व्यापाऱ्याने त्यांची वांगी हातात घेऊन चारचौघांत तोंड भरून कौतुक केलं. बाबा घरी आले ते अंगात कणकण घेऊनच. आईने लगेच निकाल दिला, नजर लागली.

कोरोनाची दुसरी लाट गावात शिरली होती. वास येईनासा झाला तर तपासून घ्या, असं टीव्ही सकाळ-संध्याकाळ घसा फोडून सांगत होता. मी विज्ञानाचा पदवीधर. आई, बाबा आणि बायको, तिघांचेही कान शाबूत. ऐकलं नाही असं कुणीच म्हणू शकत नाही.

ताप उतरेना. बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा मी बुलडाण्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. गाडी दारात उभी राहिली, पण बाबा खाटेवरून उठायला तयार नव्हते. दवाखान्यात गेलेली माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळली जातात, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. "आधी नजर उतरव," ते आईला म्हणाले, "मंग पाहू."

आईने सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घेऊन त्यांच्यावरून उतरवली आणि चुलीतल्या विस्तवावर टाकली. आमच्याकडचा नियम सोपा आहे. ठसका लागला तर नजर नव्हतीच, दुखणं खरं. ठसका लागला नाही तर नजर होती आणि ती जळाली. मिरच्या काळ्या पडल्या, धूर पार पत्र्यापर्यंत गेला. त्या धुरात आम्ही चौघंही होतो आणि कुणी साधं शिंकलंसुद्धा नाही.

"पाह्य, कशी कडक नजर होती!" बाबांचा चेहरा उजळला. "गाडी वापस पाठव बे."

तेवढ्यात भिंतीपलीकडची शेजारीण खोकत सुटली. "काय जाळून राह्यले हो तुम्ही? जीव गेला ना आमचा!"

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. बायको म्हणाली, "तिले तं खोकला हायेच." मी मान डोलावली आणि गाडीवाल्याला जायला सांगितलं. बाबांनी अर्धी भाकर खाल्ली, वांग्यांना पाणी कधी द्यायचं ते मला समजावलं. त्या संध्याकाळी आमचं घर फार सुखात होतं. त्या सुखाची मला अजून भीती वाटते.

सकाळी त्यांचे ओठ निळे पडले होते. गाडी पुन्हा आली. राजूर घाट चढताना, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते गेले.

आता घरात कुणी मिरच्या भाजायला घेतल्या की मी अंगणात निघून जातो. धूर तिथवरही येतो आणि मला ठसका लागतो. दर वेळी वाटतं, हा तेव्हा लागायला हवा होता.

मागच्या हिवाळ्यात असाच बाहेर आलो, तर आई माझ्यामागे आली आणि ओट्यावर बसली.

"त्या दिवशी सकायी दूध करपलं होतं," ती म्हणाली. "सारं भांडं काळं झालं. घरात कोणालेच वास नाही आला. मले तवाच समजलं होतं."

मी विचारलं, "मंग मिरच्या काऊन जाळल्या व माय?"

"तुह्या बापाले भेव वाटून राह्यलं होतं. ठसका लागणार नाही, हे मले मालूम होतं. म्हून तं जाळल्या."

मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अन् खरंच लागला नाही, तवा मलेबी वाटलं ना बापा, उतरली नजर."