आधी देव, मग डोंगर

सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमधून न हलता मी पाच कुटुंबांना जावा बेटावर पाठवलं. तिकिटं त्यांची त्यांनीच काढली, पण दिवस माझा होता. शुक्रवारी संध्याकाळी विमानाने योग्याकार्ताला पोचायचं, शनिवारी अख्खा दिवस गाइडशिवाय आपलं आपण फिरायचं आणि रविवारी सिंगापूरला परत. हजारएक वर्षांपूर्वीची प्रंबाननची पडकी देवळं आणि मेरापीचा ज्वालामुखी, दोन्ही एका दिवसात. त्या शनिवारचं वेळापत्रक मी पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत बसवलं होतं. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या हाताला वळायचं, स्वच्छतागृह कुठे, वयस्कर माणसांना बसायला सावली कुठे, सगळं त्यात होतं. आमच्या मराठी ग्रुपवर ती फाइल इतकी फिरली की एकदा कुणीतरी ती मलाच पाठवली, "बघा, तुम्हाला उपयोगी पडेल," म्हणून.

मी स्वतः मात्र तिथे कधी गेले नव्हते.

पुण्यात नोकरी करायचे तेव्हा मी कारखान्यांच्या शटडाउनचं नियोजन करत असे. कारखाना काही आठवडे बंद ठेवून सगळी दुरुस्ती उरकून घ्यायची असते. कुठलं काम कशानंतर सुरू करायचं ते संगणकावर आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यात मांडायचं, हे माझं काम. त्यात फ्लोट नावाचा एक प्रकार असतो. एखादं काम जितके दिवस मागे पडलं तरी बाकीच्यांचं काही अडत नाही, तितका त्या कामाचा फ्लोट. ज्याला फ्लोट नाही त्या कामाच्या तारखेला कुणी हात लावत नाही, आणि ज्याला आहे ते सगळे बिनदिक्कत पुढे ढकलतात. नवऱ्याला जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो, तेव्हापासून घरातला सगळा फ्लोट माझ्या वाट्याला आला.

माझा डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला राहण्याचा परवाना. नोकरी करायची तर माझा वेगळा वर्क पास हवा, आणि तो काढून देणारी कंपनी हवी. पहिलं वर्ष मी अर्ज केले. दुसऱ्या वर्षी अर्ज करता करता मध्येच उठून कपडे वाळत घालायला लागले. तिसऱ्या वर्षी नुसते कपडे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या ब्लॉकचा लांबलचक व्हरांडा दिसतो आणि त्यातून रोज तीच माणसं त्याच वेळेला जातात. त्यांनाही मी तशीच दिसत असणार. दुपारी कधीकधी मला इतकं कोंडल्यासारखं व्हायचं की उगाच लिफ्टने खाली जाऊन मी पत्रपेटी उघडून यायचे. आत पिझ्झाची जाहिरात असायची.

जावाचं वेड दाताच्या दवाखान्यात लागलं. वाट बघत बसले असताना एका मासिकात फोटो दिसला. काळी टोकदार शिखरं आणि त्यांच्या मागे धूर सोडणारा निळसर डोंगर. घरी येऊन शोधलं तर सिंगापूरहून विमानाने जेमतेम सव्वादोन तास. मी नवऱ्याचा जुना लॅपटॉप काढला, पूर्वीसारखा पट्ट्यांचा तक्ता उघडला आणि तीन दुपारी बसून तो शनिवार आखला. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. तक्त्याची पहिली ओळ होती, "त्याची रजा". पुढची प्रत्येक पट्टी त्या ओळीला बांधलेली. रजा ठरली की तारखा आपोआप बसणार.

रजा काही ठरेना. प्लांट शटडाउनला गेला की रजा नाही, प्लांट सुरू होत असला की रजा नाही, आणि सगळं सुरळीत चालू असलं की त्याच्या जागी बसणारा माणूस रजेवर. एकदा त्या माणसाचे वडील गावी आजारी पडले. आता रागवायचं तरी कुणावर? नवरा वाईट नाही. प्रत्येक वेळी तो कपाळाला हात लावून "सॉरी, पुढच्या वेळी नक्की," म्हणायचा, आणि ते त्याला खरंच वाटायचं. मग लेक प्रायमरी सिक्समध्ये गेली. इथे त्या वर्षी मोठी परीक्षा असते, त्यामुळे घरात मोठ्याने शिंकायचीही चोरी. म्हणजे आणखी एक वर्ष.

तोवर फाइल मात्र फिरायला लागली होती. लोकांना पाठवताना मी पहिली ओळ तेवढी काढून टाकायचे.

थाप मी एका वाढदिवसाला मारली. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली होती. वन-नॉर्थला ऑफिस असलेली, पुण्याहून नवीनच आलेली एक मुलगी माझ्याशेजारी बसली होती. तिने अगदी सहज विचारलं, "ताई, तुम्ही कधी गेला होतात?"

खरं सांगायला काय हरकत होती? पण तिच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड होतं आणि माझ्या हातात केकची बशी.

"मागच्या डिसेंबरात," मी म्हटलं.

एकदा निघाल्यावर थांबता येईना. सकाळी देवळाच्या पायऱ्या ओल्या असतात, चप्पल घसरते, असंही मी तिला सांगितलं. स्टेशनबाहेर उजवीकडे वळलं की मोबाइलचं निळ्या पाटीचं दुकान लागतं, त्याच्यासमोर वडाचं झाड आहे. हे खोटं नव्हतं. संगणकावरच्या नकाशात तो रस्ता मी इतक्या वेळा चालले होते की मला डोळे मिटून सांगता आला असता. त्या नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंत कायम दुपारच असते आणि तीच पांढरी गाडी उभी असते. सहाव्या मजल्यावरच्या वहिनी तेव्हा आमच्या टेबलाशी सरबत वाढत होत्या. त्या ठाण्याच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "अजून घेतेस का गं?"

त्यानंतर माझा भाव भलताच वाढला. फोन यायचे, ताई हे कसं, ताई ते कसं. मीही तोऱ्यात उत्तरं द्यायचे. एक कुटुंब परत आलं की दुसरं जायचं, आणि सगळ्यांचे फोटो ग्रुपवर पडायचे. देवळासमोर झकास हसणारी माणसं, आणि मग जीपमध्ये टोप्या घालून बसलेली तीच माणसं, मागे पांढरंफटक आकाश. "ढग होते, बॅड लक," असं खाली लिहिलेलं असायचं. मी लिहायचे, "अरेरे, पुन्हा जा."

शोध लागला तो लेकीला. एका शनिवारी दुपारी गणितं सोडवायचा कंटाळा आला म्हणून ती माझा फोन चाळत बसली होती.

"आई, व्होल्केनो कुठे आहे?"

"ढगात आहे. त्यांचं नशीब."

"हे लोक ऑल्सो ढग. हे ऑल्सो." ती एकेक फोटो सरकवत गेली. "फाइव्ह फॅमिलीज, फाइव्ह टाइम्स क्लाउड. दॅट्स नॉट लक लाह, आई. व्हॉट टाइम तू त्यांना पाठवते?"

मी तिच्या हातातून फोन घेतला. सगळे फोटो दुपारी दोन-अडीचचे, माझ्या वेळापत्रकाला धरून, मिनिटाचाही उशीर नाही.

ती पुन्हा गणितांना बसली आणि मी लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासात उमगलं. तिथले जीपवाले, हॉटेलवाले, सगळे एकच सांगत होते की मेरापी बघायचा तर उजाडताना बघा, नऊ वाजल्यानंतर तो बहुतेक दिवस ढगात जातो. हे मी पूर्वीही वाचलं होतं, पण सूर्योदयाची हौस असलेल्यांसाठी असेल म्हणून सोडून दिलं होतं. त्या मासिकातला फोटोही पहाटेचाच असणार. मी मात्र काय केलं होतं? सातला अंघोळी, मग चहा-नाश्ता, नऊपर्यंत देऊळ. मध्ये शंकर, गाभाऱ्याच्या एका बाजूला गणपती, एका बाजूला महिषासुरमर्दिनी, भिंतींवर कोरलेलं रामायण. बारापर्यंत देव उरकायचे, मग जेवण, मग डोंगर. तिथे पूजा नाही, आरती नाही, निम्मी देवळं अजून दगडांचे ढीग होऊन पडलेली आहेत. तरीही आधी देव आणि मग बाकीचं, हे माझ्या हाताने आपोआप मांडलं. आणि पाच मराठी कुटुंबांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनीही अंघोळी केल्या आणि आधी देवळातच गेले.

लाजेने माझे कान तापले. पुण्यात असा तक्ता साहेबासमोर ठेवला असता तर त्याने विचारलं असतं, जागेवर जाऊन पाहिलंस का? साइट पाहिल्याशिवाय तक्ता करायचा नाही, हा तिथला पहिला नियम होता. इथे कुणी तो प्रश्न विचारला नाही, कारण मी सगळ्यांना आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं.

आणि पुढच्याच शुक्रवारी ती वन-नॉर्थवाली मुलगी निघाली होती. तिचे आईवडील पुण्याहून आले होते. वडिलांचे गुडघे आता असे की पुन्हा येणं होईल असं वाटत नाही, हे तिनेच सांगितलं होतं. म्हणजे आता गप्प बसायची सोय नव्हती. सोमवारी सकाळी सगळे बाहेर पडल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, फाइलमध्ये बदल आहे, आधी डोंगर, मग देव. पहाटे चारला गाडी सांग.

"चारला?" ती म्हणाली. "बाबांना जड जाईल हो. तुम्हाला तर दुपारी दिसला होता ना, ताई?"

मी खिडकीशी उभी होते. समोरच्या व्हरांड्यातून पिवळी पिशवी घेतलेली बाई गेली. म्हणजे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मी गेलेच नाही गं," मी म्हटलं. "कधीच गेले नाही. त्या दिवशी तुला खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "अच्छा. ठीक आहे ताई, पहाटेची गाडी बघते. थँक्स हां, कळवलंत ते बरं झालं." तिची मीटिंग सुरू होत होती. इतके महिने जिवापाड सांभाळलेली थाप तिने अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवली, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

आता ही बातमी ब्लॉकभर होणार, तर निदान वहिनींना आपल्या तोंडून कळावी म्हणून मी खाली सहाव्या मजल्यावर गेले. त्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अगं, तू जाणार कधी? सव्वासहाला कंपनीच्या बसपर्यंत त्याचा डबा घेऊन जातेस, पावणेसातला लेकीला सोडतेस, दहाला भाजी, दीडला परत शाळा. चार वर्षं बघतेय मी. एक दिवस जरी दिसली नसतीस ना, तर मी वर येऊन दार वाजवलं असतं."

मी खाली बसले. त्यांनी एका परकराची घडी घातली, मग दुसऱ्याची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांच्या ताज्या घडीवर पडलं. त्यांनी ती घडी बाजूला सरकवली.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? तू इतकी छान सांगत होतीस." पुढचा कपडा उचलत म्हणाल्या, "लेकीला शुक्रवारपासून माझ्याकडे पाठव. गणितं मला येत नाहीत, पण जेवायला घालेन."

मी वर आले. लॅपटॉप उघडून माझी स्वतःची फाइल काढली, जी मी कधीच कुणाला पाठवली नव्हती, पहिल्या ओळीची. आधी डोंगराच्या पट्ट्या वर घेतल्या आणि देव खाली केले. मग बराच वेळ त्या पहिल्या ओळीकडे बघत राहिले. "त्याची रजा". सगळं तिच्यावर अडलेलं होतं, आणि तिला बांधलं होतं मीच, माझ्या हाताने. ती बांधायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती ओळ पुसली.

या प्रकारच्या तक्त्यात आधीचं काम काढून टाकलं की पुढच्या कामांना थांबायचं कारण उरत नाही, ती जितकी लवकर होऊ शकतील तितकी लवकर सरकतात. पुण्यात मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी त्या सगळ्या पट्ट्या एकदम डावीकडे सरकून याच आठवड्यात येऊन थांबल्या, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.

तिकीट काढलं. एक.

नवऱ्याला प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, तो फक्त जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सापडतो. साडेबाराला लावला. मागे ताटांचे आवाज येत होते.

"शुक्रवारी संध्याकाळी मी जावाला जातेय," मी म्हटलं. "रविवारी येईन."

"अगं, पण या आठवड्यात मला रजा..."

"माहीत आहे."

"मग कोण कोण जातंय?"

"मी."

मागे कुणीतरी खुर्ची ओढली. मग त्याने विचारलं, रागाने नाही, त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून, "एकटी तिथे करणार काय?"

"डोंगर बघणार," मी म्हटलं. "साडेपाचला पोचायला हवं. नऊनंतर दिसत नाही."