उलटं भिंग आणि मावशीच्या लग्नाची निगेटिव्ह

खंडेनवमीला आमच्या फोटो स्टुडिओत हत्यारांची पूजा असते. कॅमेरे, फ्लॅश, स्टँड, सगळं पाटावर मांडून झालं की बायको हळदकुंकू घेऊन येते आणि पहिलं बोट लावते ते बोराएवढ्या एका काळ्या भिंगाला. बंद पडलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातलं भिंग ते. माझा महागामोलाचा कॅमेरा दुसऱ्या नंबरावर! मी दरवर्षी कुरकुर करतो, पण तिचं बराबर आहे. त्या भिंगाचे आमच्या घरावर फार उपकार आहेत.

बायकोनं स्वतःच्या आईचा चेहरा पाहिलेला नव्हता. ही रांगायला लागायच्या आधीच आई गेली, आणि फोटो म्हणावा तर एकही नाही. माहेरी, डोंगरकडा गावाला, गेलं की म्हाताऱ्या बायका हिच्या हनुवटीला हात लावून म्हणायच्या, “अगदी आईवर गेलं गं लेकरू.” आता आईवर गेलं म्हणजे काय गेलं? नाक, डोळे, कपाळ? ते कोणी नीट सांगत नव्हतं. कितीदा तरी ती आरशापुढं उगीच उभी दिसायची. विचारलं तर म्हणायची, “काई न्हाई ओ, केस बघून राहिले.” मी अख्ख्या औंढ्यातल्या लोकांचे बारशापासूनचे फोटो काढणारा माणूस, आणि माझ्याच घरात ही गत. माझा जीव तुटायचा.

तिची मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, साखऱ्याला दिलेली. दोन-तीन वर्षांमागं उन्हाळ्यात सोमवार धरून ती नागनाथाच्या दर्शनाला आमच्याकडं आली आणि पिशवीतून एक मळकं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “जावईबापू, हे काई कामाचं हाय का बघा.” तिच्या लग्नाचा अल्बम वाळवीनं कधीच खाल्ला होता. पण फोटोग्राफरनं दिलेल्या निगेटिव्ह तिनं भांड्यांच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. का, तर लग्नाचं काही फेकून कसं द्यायचं!

वरून डोकं घालून बघायच्या जुन्या कॅमेऱ्याच्या त्या चौकोनी, काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह. एकीत सगळं वऱ्हाड दाटीवाटीनं बसलेलं. मावशी म्हणाली, “माज्या मागं अक्का उभी हाय. कडंवर ही.” ही म्हणजे माझी बायको. बायको चहा टाकत होती, ती तशीच हातात चिमटा घेऊन धावत आली. निगेटिव्ह उजेडात धरली. नवरीच्या मागं खरंच एक बाई होती, कडेवर बाळ घेतलेली. चेहरा तिळाएवढा, तोही निगेटिव्हमध्ये काळाकुट्ट.

स्कॅनरवर टाकली तर चेहऱ्याच्या जागी नुसता ठिपका. मोबाइलनं काढली, माझं मोठं भिंग लावून काढली, ठिपका तो ठिपकाच. बायको म्हणाली, “राहू द्या, नसंल नशिबात.” ते ऐकून माझं डोकंच फिरलं. नशीब कसलं? हा माझा धंदा आहे!

छोटं भिंग उलटं लावून मुंगीचे डोळेसुद्धा ताटाएवढे टिपणारे लोक मी मोबाइलवर पाहिले होते. म्हणून गेलो बाजारात, मोबाइल आणि सीसीटीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं, आणि बायकोच्या आईची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी खोकं उपडं केलं, एका मेलेल्या कॅमेऱ्याचं भिंग फिरवून काढलं आणि शर्टाच्या टोकानं पुसलं. पैसे किती देऊ, असं विचारायला तोंड उघडलं तर माझ्यावरच ओरडले, “अम्मीचा मामला हाय ना? मग काहून टाइम घालवून राहिला? पळ!”

कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडलं, त्याला नळाच्या पाइपाचा तुकडा जोडला आणि पाइपाच्या टोकाला भिंग उलटं चिकटवलं. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. पाइप आतून चमकू नये म्हणून बायकोनं काळ्या कापडाचं अस्तर शिवून दिलं. कॅमेरा स्टँडवर तोंड खाली करून बांधला. खाली फोटोफ्रेमची काच, काचेवर निगेटिव्ह, काचेच्या खालून मोबाइलचा टॉर्च.

खरी तकलीफ पुढंच होती. या भिंगाला फोकसची सोय नाही, निगेटिव्ह केसभर वरखाली झाली की सगळं धूसर. मग मी काचेच्या दोन्ही कडांखाली लग्नपत्रिका सारायला लागलो. शूटिंगची बोलावणी असतात, त्यामुळं पत्रिकांना आमच्याकडं तोटा नाही. एक पत्रिका सारली की चित्र थोडं स्पष्ट व्हायचं, अजून एक सारली की जायचं. वाऱ्यानं फिल्म हलते म्हणून पंखा बंद. औंढ्याचं ऊन, घामाच्या धारा, आणि मावशीचं शेजारी चाललेलं, “माजी पाचची बस हाय बरं जावईबापू.” त्यात भिंग इतकं बारीक बघत होतं, की फिल्मच्या चकचकीत बाजूवरचे ओरखडे स्वच्छ दिसायचे आणि चेहरा त्यांच्याखाली दडायचा. मी फिल्म उलटी केली, बिनचकाकीची बाजू वर घेतली. ओरखडे गायब! मी असा ओरडलो, की बायकोच्या हातातली पत्रिका पडली.

फोटो काढला, कंप्युटरवर काळ्याचं पांढरं केलं. पडदाभर एका बाईचा चेहरा आला. रवाळ, पण डोळे, ओठ, नाकातली फुली, सगळं दिसत होतं. बायको पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. मी तोच फोटो मोबाइलवर घेऊन मावशीच्या हातात दिला.

मावशीनं चष्मा लावला, काढला, परत लावला. मग म्हणाली, “ही अक्का न्हाई.”

बायको मागं सरकली, पदराला हात पुसत राहिली.

मी चिडलो. सरळ मावशीवरच चिडलो. “अहो मावशी, तुमीच म्हणल्या ना मागं उभी हाय म्हणून? कडंवर लेकरू हाय, अजून काय पाहिजे?”

“फुली उजव्या नाकपुडीत हाय की हिची,” मावशी म्हणाली. “आमच्यात समद्या बायका डावीकडं टोचतेत. माजी सख्खी बहीण ती. मला कळंना व्हय?”

मी कपाळावर हात मारून घेतला. फिल्म उलटी ठेवली, तर चेहरापण आरशातल्यासारखा उलटा येणार! एरवी पदर भलत्या खांद्यावर दिसला असता तर तेव्हाच ध्यानात आलं असतं, पण या भिंगात चेहऱ्यापलीकडं काही मावतच नव्हतं. एक बटण दाबायचं काम होतं. दाबलं. फुली डाव्या नाकपुडीत आली, चेहरा सरळ झाला.

“अक्का,” असं म्हणून मावशीनं अंगठ्यानं त्या गालावरून हात फिरवला, तर बोटासरशी फोटो सरकला आणि कुठल्या तरी हळदीचा फोटो पुढं आला. “अरं, कुठं गेली!” ती केवढ्यानं घाबरली. मी फोटो परत आणून दिला. मग तिनं मोबाइल दोन्ही हातांत नुसता धरून ठेवला, बोट म्हणून लावलं नाही.

तेवढ्यात चाचांचा फोन. “दिसल्या का अम्मी?” मी म्हणालो, “दिसल्या.” देव भलं करो त्या माणसाचं.

बायको परत पडद्याजवळ आली. हिचं नाक आईचं निघालं, भुवयाही आईच्याच. मला वाटलं, आता रडेल. पण ती पडद्याकडं बघत म्हणाली, “किती ल्हान हाय ओ ही. पोरगीच हाय.” आणि होतीच ती. माझ्या बायकोच्या कानामागं आता पांढरे केस आहेत, आणि पडद्यावर तिची आई, आमच्या कॉलेजातल्या लेकीएवढी.

मग ती मावशीकडं वळली. “एवढ्या गर्दीत, कडंवर मी. त्या दिवशी जेवली तरी असंल का गं ती?”

“जेवली की,” मावशी म्हणाली. “नवरीच्या ताटात करवली जेवती ना? माज्याच ताटात जेवली. म्या घास भरवले तिला. तू मांडीवर झोपली होतीस, म्हणून तिला हात काढता येईना.”

तेव्हा कुठं बायकोला रडू फुटलं.